कामाआधीचे पैसे: मागणी, पावती आणि शेवटचं बिल

२०१९च्या जुलैत एका बेदाणा व्यापाऱ्यांनी मला पंधरा हजार रुपये दिले. रोख, पाचशेच्या नोटा, वर रबर. अर्धा किलो आणि एक किलो बेदाण्याचे बॉक्स आणि पेढीचा नवा लोगो, असं काम होतं. मी पावती केली नाही, त्यांनी मागितली नाही. "घरचंच काम हाय ताई, कागद कशाला?" चहा झाला, मी निघाले.

ऑगस्टात कृष्णेचं पाणी आलं. सांगलीतल्या मारुती चौकाजवळचं माझं तळमजल्यावरचं ऑफिस आणि त्यांचं गोदाम, दोन्ही पाण्यात. दिवाळीच्या आधी त्यांनी बोलावून घेतलं. यंदा नवं पॅकिंग काढायची ताकद नाही, ती अनामत तेवढी परत द्या म्हणाले. मी म्हटलं, काका, अनामत कुठली, तो अ‍ॅडव्हान्स होता. लोगोचे तीन नमुने तुम्ही बघितलेत, बॉक्सची डायलाइन (कुठे कापायचं, कुठे दुमडायचं त्याची आखणी) झालीय. त्यांनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. माझ्या नावापुढे निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं, 'अनामत १५,०००'. त्यांच्याकडे निदान एक शब्द तरी होता. माझ्याकडे तोही नव्हता. दोन हप्त्यांत पैसे परत केले.

त्यांच्यावर माझा राग नाही. पुरात त्यांचं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गेलं होतं, आणि वहीत त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यांना वाटलं ते लिहिलं. चूक माझी. कामाआधी पैसे घ्यायचे एवढंच मला कळत होतं, ते कुठल्या नावाने घ्यायचे हे कळत नव्हतं. आता मी ते कसे मागते, कुठला कागद कधी देते, त्यावर काय लिहिते, ते इथे सांगते. मी विश्रामबागेत बसून हळद, बेदाणा, भडंग, मसाले यांचं पॅकिंग डिझाइन करते. तुम्ही वेबसाइट करत असाल, भाषांतर करत असाल, कुणाचे हिशेब लिहीत असाल, तर आकडे बदलतील, कागद हेच.

आधी शब्द ठरवा

अनामत म्हणजे सांभाळायला दिलेले पैसे. भाड्याच्या गाळ्याची अनामत, गॅसच्या सिलिंडरची अनामत. वस्तू परत केली की पैसे परत. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती होते आणि घेणारा मागे फिरला तर विसार बुडाला असं सगळेच धरून चालतात. मंगल कार्यालयवाले आणि लग्नाचे फोटोग्राफर तारीख धरून ठेवायला जे घेतात तो खरा विसार. आणि आपल्याकडचा तिसरा शब्द उचल. हंगामाआधी मुकादम ऊसतोड टोळीला देतो ती एक, आणि जिच्या आकड्यावरून दर हंगामाला रस्त्यावर ट्रॅक्टर अडवले जातात ती कारखान्याची पहिली उचल दुसरी. एकीत माणूस अडकतो, दुसरीत ऊस आधीच गेलेला असतो.

आपले पैसे यातल्या कशातच बसत नाहीत. ती आगाऊ रक्कम आहे: ठरलेल्या मोबदल्याचाच एक तुकडा, काम सुरू व्हायच्या आधी दिलेला, शेवटच्या बिलात वळता होणारा. हा काही भाषेचा शौक नाही. जीएसटीच्या कायद्यात मोबदल्याची व्याख्या करतानाच म्हटलंय की, पुरवठ्यासाठी दिलेली अनामत ही, पुरवठादार ती मोबदल्यात वळती करत नाही तोवर, मोबदला धरायची नाही. म्हणजे कागदावर 'अनामत' लिहिलंत की ते पैसे अजून तुमचे नाहीत असं तुम्ही स्वतःच कबूल करून बसता. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये, मागणीत, पावतीत, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा एकच शब्द असतो: आगाऊ रक्कम. क्लायंटने बोलताना डिपॉझिट म्हटलं तरी उत्तरात मी आगाऊ रक्कमच लिहिते. चार वेळा लिहिलं की त्यांच्या वहीतही तेच उतरतं.

किती मागायचं

लोक विचारतात, पन्नास टक्के घेऊ का? मी म्हणते, आधी तुमचे तास मोजा. हळद पावडरचे तीन पाऊच (१००, २०० आणि ५०० ग्रॅम) करायला मला साधारण साठ तास लागतात. त्यातले बावीस तास पहिले नमुने दाखवायच्या आत गेलेले असतात. त्यात मार्केट यार्डात आणि किराणा दुकानांत जाऊन शेजारी कुठले पुडे लटकतात ते बघणं, रंग ठरवणं, तीन वेगळे नमुने काढणं हे सगळं आलं. क्लायंट बिथरतो तो नमुने बघितल्यावरच. म्हणजे ते बावीस तास आधीच वसूल झालेले हवेत. साठातले बावीस म्हणजे छत्तीस-सदतीस टक्के. मी चाळीस मागते. तुमच्या कामात धोका कुठे आहे ते शोधा, तिथवरचे तास मोजा, टक्का आपोआप निघतो.

दहा हजारांच्या आतलं काम असेल तर मी सगळे पैसे आधीच घेते. तीन तुकडे करून तीनदा फोन करण्यात जो वेळ जातो त्यात अजून एक लेबल होतं. अगदी नवा माणूस, ओळख नाही, काम घाईचं असेल, तर पन्नास. बाकी नेहमीचं ४०-३०-३०. काम सुरू करायला चाळीस, नमुना मंजूर झाला की तीस, आणि छपाईच्या फाइली हातात द्यायच्या आधी तीस. शेवटचा हप्ता 'छपाई झाल्यावर' किंवा 'माल बाजारात आल्यावर' असा कधीही लिहू नका. माल बाजारात कधी येईल ते हळदीच्या भावावर ठरतं.

"आधी डिझाइन दाखवा, आवडलं तर पैसे" हे प्रत्येकाला ऐकावं लागतं. यार्डातले एक शेठ अगदी सरळ म्हणाले, "हळदीचा सौदा नमुना बघून होतो, मग तुमचा का नाही?" मी म्हटलं, शेठ, हळद आधीच पोत्यात असते, तुम्ही मूठभर काढून बघता. माझं डिझाइन अजून रानात आहे. ते हसले आणि पोराला पैसे पाठवायला सांगितलं. आधीची कामं मी मोकळ्या हाताने दाखवते. नवं काम फुकट करून दाखवत नाही.

एक गोष्ट मात्र या टक्क्यांत धरू नका: दुसऱ्याला द्यायचे पैसे. पाऊचच्या छपाईला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर करावं लागतं आणि त्याचे पैसे प्रेसवाला आधी घेतो. पूर्वी मी ते माझ्या बिलात घालून पुढे द्यायचे, दोन पैसे सुटायचेही. एकदा क्लायंटचा चेक परत आला आणि सिलिंडरचे पैसे माझ्या गळ्यात पडले. शिवाय अशी रक्कम तुमच्या बिलातून फिरली की तुमची उलाढाल फुगते, आणि जीएसटीची मर्यादा उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. आता प्रेसचं बिल थेट क्लायंटच्या नावे. मी फक्त फाइल तपासून देते आणि त्या तपासणीचे पैसे लावते.

कागदांचा क्रम

कोटेशन, क्लायंटचा लेखी होकार, मागणी, पावती, शेवटचं बिल. एवढेच पाच. घोळ होतो तो तिसऱ्या आणि चौथ्यात, कारण बरेच जण मागणीलाच बिल म्हणतात.

मागणी म्हणजे प्रोफॉर्मा. तो हिशेबाचा कागद नाही, विनंती आहे. पैसे आले नाहीत तर तो फाइलमध्ये पडून राहतो, वर्षाच्या हिशेबात कुठे येत नाही. त्याऐवजी तुम्ही सरळ बिल फाडलंत आणि क्लायंट गप्प बसला, तर वहीत येणं दिसत राहतं. आणि तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर त्याहून वाईट: कर बिलाच्या तारखेला लागू झाला. पैसे न मिळताच सरकारला भरायचे, मग क्रेडिट नोट (बिलातली रक्कम मागे घेतल्याचा कागद) काढून ते सोडवत बसायचं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कामात मी हे स्वतः केलंय. सीएंनी फक्त एकदा चष्म्यावरून बघितलं.

माझी मागणी एका पानाची असते. नोंदणी नसतानाच्या दिवसांतली ही घ्या:

आगाऊ रकमेची मागणी (प्रोफॉर्मा, हे बिल नाही)
मागणी क्र. १४, दिनांक, माझं नाव, पत्ता, पॅन
ज्यांना: पेढीचं पूर्ण नाव आणि पत्ता
काम: हळद पावडर, तीन पाऊचचं डिझाइन, कोटेशन क्र. व तारीख
ठरलेला एकूण मोबदला: ₹ ६०,०००
आता देय आगाऊ रक्कम (४० टक्के): ₹ २४,०००
ही रक्कम एकूण मोबदल्याचा भाग असून शेवटच्या बिलात वळती केली जाईल.
रक्कम जमा झाल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी काम सुरू होईल. पहिले नमुने त्यानंतर १२ दिवसांत.
ही मागणी सात दिवस वैध. त्यानंतर कामाची तारीख नव्याने ठरेल.
बँक खातं, आयएफएससी, यूपीआय

यातल्या दोन ओळी पैसे आणतात: काम सुरू व्हायची ओळ आणि सात दिवसांची ओळ. क्लायंटला चाळीस टक्के द्यायचे नसतात, त्याला तारीख हवी असते. पाडव्याला पाऊच दुकानात पाहिजे असेल तर तो स्वतःच उलटा हिशेब करतो. 'लवकरात लवकर भरणा करावा' असली वाक्यं मी काढून टाकली. ती वाचून कुणी लवकर भरत नाही.

सोबत मेसेज जातो तो असा: "नमस्कार काका, काल ठरल्याप्रमाणे हळद पाऊचच्या कामाची मागणी जोडली आहे. २४,००० जमा झाले की गुरुवारी काम सुरू करते, म्हणजे नमुने पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला तुमच्या हातात. पेढीच्या नावातलं काही दुरुस्त करायचं असल्यास आजच सांगा." शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्याला काहीतरी उत्तर येतंच, आणि 'नाव बरोबर आहे' हा मेसेजसुद्धा व्यवहाराला होकारच असतो. माफी मागत पैसे मागू नका. 'थोडे पैसे दिले असते तर बरं झालं असतं' अशी वाक्यं मी पाच वर्षं लिहिली, आणि थोडेच पैसे आले.

पैसे आले की त्याच दिवशी पावती. उद्या नाही. पावतीवर मागणीचा क्रमांक, मिळालेली रक्कम, कशाने मिळाली, यूपीआय किंवा एनईएफटीचा व्यवहार क्रमांक आणि पुन्हा तेच वाक्य: आगाऊ रक्कम, शेवटच्या बिलात वळती होणार. क्लायंटने २४,०००ऐवजी २०,००० पाठवले तर पावती २०,०००चीच करते आणि खाली 'या टप्प्याचे ४,००० बाकी' असं लिहिते. काम सुरू करायचं की नाही ते माणूस बघून ठरवा. मी जुन्यांसाठी करते, नव्यांसाठी थांबते.

रोख देणारे अजूनही भेटतात. माझ्या वडिलांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, तिथे कार्बन घातलेलं पावतीपुस्तक दोऱ्याने टेबलाला बांधलेलं असायचं. रोखीला मी अजून तसलंच पुस्तक वापरते. पाच हजारांच्या वर रोख घेतली तर एक रुपयाचा महसूल तिकीट लावून त्यावर सही. आणि कुणी चाळीस हजार रोख पुढे केले तर नाही म्हणायला सोपं उत्तर आहे: शेठ, एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिलेत तर तो खर्च तुमच्याच प्राप्तिकरात धरत नाहीत. हे ऐकल्यावर शेठ मुनीमजींकडे बघतात, मुनीमजी मान हलवतात, आणि संध्याकाळी पैसे खात्यात येतात.

जीएसटी असेल तर

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायला कायद्याने मनाई आहे. मी मर्यादेच्या आत असूनही २०२२मध्ये नोंदणी घेतली, कारण कारखानदार क्लायंटना त्यांचं क्रेडिट, म्हणजे मला दिलेल्या जीएसटीची त्यांच्या करातून वजावट, हवी होती. ज्यांचे क्लायंट छोटे दुकानदार आहेत त्यांना मी हे सुचवणार नाही. दुकानदाराला तुमचा दर अठरा टक्क्यांनी वाढला एवढंच दिसतं.

नोंदणी असेल तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७पासून जीएसटी भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. सेवेला ही सूट नाही. सेवेची आगाऊ रक्कम खात्यात आली की त्याच महिन्याचा कर लागला, काम सुरू झालेलं असो वा नसो. यार्डातला क्लायंट म्हणतो, "आम्ही अ‍ॅडव्हान्सवर कधीच जीएसटी भरत नाही." त्याचं बरोबर आहे, तो हळद विकतो. तुमचं वेगळं.

म्हणून मागणीतच कर दाखवा. ६०,००० मोबदला, १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. त्याचे चाळीस टक्के म्हणजे २४,००० अधिक ४,३२० कर, मिळून २८,३२०. हे दाखवलं नाही आणि क्लायंटने आपलं गोल करून २५,००० पाठवले, तर ते करासहित धरावे लागतात. २५,०००ला १८ने गुणून ११८ने भागा: ३,८१३.५६ कर, तुमच्या हातात २१,१८६.४४. क्लायंट महाराष्ट्रातला असेल तर त्या कराचे दोन सारखे भाग, १,९०६.७८ केंद्राचे आणि तेवढेच राज्याचे. बाहेरच्या राज्यातला असेल तर एकत्र, आयजीएसटी.

पैसे आल्यावर द्यायची पावती इथे रिसीट व्हाउचर होते. साध्या पावतीपेक्षा त्यात जास्त काय? दोघांचे जीएसटी क्रमांक, सेवेचं वर्णन, कराचा दर आणि रक्कम, पुरवठ्याचं ठिकाण, सही, आणि आर्थिक वर्षभर न तुटणारा क्रमांक, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा. माझी व्हाउचरची मालिका वेगळी, बिलांची वेगळी. पूर्वी एकच होती आणि मार्चमध्ये सीए विचारायचे, सतरा नंबरचं बिल कुठं गेलं? ते बिल नसायचंच, पावती असायची.

महिना संपताना ज्या आगाऊ रकमांचं बिल झालेलं नाही त्या जीएसटीआर-१ या विवरणपत्राच्या ११ए तक्त्यात दाखवायच्या, आणि पुढे बिल होईल त्या महिन्यात ११बीमध्ये वळत्या करायच्या. ११बी विसरलात तर एकाच पैशावर दोनदा कर भराल. आगाऊ रक्कम आणि बिल एकाच महिन्यात झालं तर दोन्ही तक्त्यांचा त्रास नाही, फक्त बिल दाखवा. आणि क्लायंटला आधीच सांगा की व्हाउचरवर त्याला क्रेडिट मिळत नाही, ते बिलावरच मिळतं. नाहीतर त्याचा अकाउंटंट दर आठवड्याला फोन करतो.

कापून आलेले पैसे

कंपन्या आणि मोठ्या फर्म टीडीएस (तुमच्या प्राप्तिकरापोटी आधीच कापून सरकारला भरायची रक्कम) कापतात, आणि तो पैसे देताना कापायचा असतो, म्हणजे आगाऊ रकमेतूनही. व्यावसायिक शुल्क धरलं तर १० टक्के; मर्यादा वर्षाला ५०,०००, एप्रिल २०२५च्या आधी ती ३०,००० होती. काही अकाउंटंट तेच काम कंत्राट धरतात, मग टक्का वेगळा. मी वाद घालत नाही, फक्त कुठल्या खात्यात धरलंय ते आधी विचारून घेते. जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापतात, करावर नाही. हे मागणीत रक्कम फोडून दाखवायचं आणखी एक कारण.

आता माझी जुनी चूक. २८,३२०ची मागणी, २,४०० टीडीएस कापून २५,९२० खात्यात आले, आणि मी पावती २५,९२०ची केली. शेवटच्या बिलात तेवढेच वळते केले, आणि क्लायंटकडे २,४०० जास्त मागितले. त्यांचे अकाउंटंट काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावती पूर्ण २८,३२०चीच करायची, खाली दोन ओळी: बँकेत जमा २५,९२०, टीडीएस २,४००. कापलेले पैसे तुमचेच आहेत, प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर दिसतात. दर तीन महिन्यांनी जाऊन बघा. पॅन चुकीचा टाकला गेला तर ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर बसतात.

शेवटचं बिल

काम संपलं की तीस दिवसांच्या आत बिल. ते पूर्ण कामाचं, उरलेल्या हप्त्याचं नाही. सगळ्यात जास्त बिलं इथे बिघडलेली मी बघितलीत: 'उर्वरित रक्कम १८,०००' एवढंच लिहिलेलं. वर्षभराने ना तुम्हाला कळत, ना क्लायंटला, की काम एकूण कितीचं होतं. वर ६०,०००, कर १०,८००, एकूण ७,०८०० असं नीट स्वल्पविराम तपासून लिहा. हे शेवटचं मी मुद्दाम चुकवलंय, माझ्या एका बिलात खरंच तसं छापून गेलं होतं. बरोबर आकडा ७०,८००. त्याखाली: वजा व्हाउचर क्र. ९, तारीख, २८,३२०. वजा व्हाउचर क्र. १३, तारीख, २१,२४०. बाकी देय २१,२४०. त्या खाली एक ओळ: छपाईच्या फाइली आणि वापराचे हक्क पूर्ण रक्कम जमा झाल्यावर. तोवर क्लायंटला मी वॉटरमार्क असलेली पीडीएफ देते.

बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक टाका. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. कुणी पाचशे-हजार मागत असेल तर तो नोंदणीचे नाही, स्वतःच्या श्रमाचे मागतोय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि त्या मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीचा खर्च म्हणून धरता येते. हा क्रमांक टाकल्यापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझा फोन जास्त वाजतो.

काम मोडलं तर

याचं उत्तर कोटेशनमध्येच असायला हवं, भांडणाच्या दिवशी सुचत नाही. माझ्या अटी अशा: काम सुरू व्हायच्या आधी रद्द केलं तर पूर्ण परत. सुरू झाल्यावर पण नमुने दाखवायच्या आधी रद्द केलं तर झालेल्या तासांचे पैसे कापून बाकी परत. नमुने दाखवल्यावर आगाऊ रकमेतलं काही परत नाही. आणि क्लायंट साठ दिवस गप्प राहिला तर फाइल बंद, पुन्हा सुरू करायला नवी तारीख आणि नवा दर. मी काम सोडलं तर न झालेल्या कामाचे सगळे पैसे मी परत करते. हेही लिहिलेलं असतं, आणि ते वाचून बाकीच्या अटींवर कुणी हुज्जत घालत नाही.

'कुठल्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत' असं मी लिहीत नाही. करार कायद्याच्या ७४व्या कलमाने करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मिळते, कागदावर लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणून प्रत्येक अट तासांशी आणि टप्प्याशी बांधलेली बरी. माझ्याकडे तासांची वही असते, तारखेसकट. परत करायची वेळ आली तर नोंदणी असणाऱ्याने रिफंड व्हाउचर काढायचं, त्यावर मूळ रिसीट व्हाउचरचा क्रमांक. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत.

पूर, आजारपण, घरातलं कुणाचं जाणं, अशा वेळी मी अट दाखवत नाही. तारीख पुढे ढकलते आणि आगाऊ रक्कम सहा महिने तशीच धरून ठेवते, हे मेसेजवर लिहून कळवते. २०२१ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तीन कामं अशी धरली होती. तिन्ही पुढे झाली.

ती धरून ठेवता येते कारण मी ती खर्च केलेली नसते. आगाऊ रकमेसाठी माझं वेगळं बचत खातं आहे. टप्पा झाला की तेवढे पैसे घरच्या खात्यात ओढते. हिशेबातही बिल होईपर्यंत ती माझी कमाई नाही, 'ग्राहकांकडून आगाऊ' या नावाने देणं म्हणून उभी असते. सुरुवातीला हे जमत नाही, मलाही तिसऱ्या वर्षी जमलं. आधी निदान कराचा भाग तरी बाजूला काढा.

आणि मुहूर्ताचे पैसे. आपल्याकडे पाडव्याला जुने क्लायंट सकाळी सकाळी १,१०१ पाठवतात: "ताई, यंदाच्या बॉक्सचं तुमच्याकडंच." ना कोटेशन, ना मागणी. मी पूर्वी ते शकुन म्हणून देवापुढे ठेवायचे. आता तेही आगाऊ रक्कमच धरते आणि 'पुढील कामात वळती होईल' असं लिहून व्हाउचर पाठवते, त्यात १६७.९५ कर. काकांना गंमत वाटते, पण त्यांच्या वहीत आता तसंच उतरतं. फक्त तारीख बघा. २०२४ला पाडवा ९ एप्रिलला होता, तेव्हा ते नव्या मालिकेत गेलं, क्रमांक १. २०२५ला ३० मार्चला आला, तेव्हा जुन्याच वर्षाच्या शेवटी बसलं, क्रमांक ४३.